हिऱ्याचा माग : नदीच्या रेवेपासून ज्वालामुखीच्या नळापर्यंत

(इयत्ता सहावी व सातवीस भूगोल आणि सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

प्रस्तावना

खेड्यातील शाळेत एक प्रसंग वर्षातून एकदा तरी घडतोच. ओढ्याकाठी गुरे चारताना किंवा विहिरीच्या खोदकामापाशी खेळताना एखाद्या मुलाला चकचकीत खडा सापडतो. तो मुठीत घट्ट धरून मुलगा शाळेत येतो आणि विचारतो, "गुरुजी, हा हिरा आहे का हो?" वर्गात हशा पिकतो, शिक्षक "अरे, ही तर गारगोटी!" असे म्हणून खडा बाजूस ठेवतात, आणि एका उत्तम पाठाची संधी हातची निघून जाते.

दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदीच्या काठी, होपटाउन गावाजवळ, १८६६-६७ च्या सुमारास शेतकऱ्याच्या एका मुलाला असाच एक चमकदार खडा सापडला. त्या खड्याने त्या घरची मुले खेळत असत. शेजारच्या शेतकऱ्याने तो विकत मागितला, तेव्हा मुलांच्या आईने हसून पैसे नाकारले व दगड तसाच देऊन टाकला, असे सांगतात. ग्रॅहम्सटाउन येथील डॉ. ॲथरस्टोन यांनी तो तपासला आणि तो हिरा ठरला. त्याचे वजन २१ कॅरटांहून थोडे अधिक भरले. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग; तेव्हा हा खडा साधारण सव्वाचार ग्रॅमचा होता. त्या चिमूटभर दगडाने पुढे एका देशाचा इतिहास बदलला.

या दोन खड्यांत फरक कोणता? एक गारगोटी ठरते आणि दुसरा हिरा ठरतो, हे कशावरून ओळखावयाचे? आणि हिरा असेल, तर तो तेथे आला कोठून? या तीन प्रश्नांभोवती प्रस्तुत पाठाची मांडणी करावी.

साहित्य

एक मोठी परात, घमेलेभर नदीची वाळू, सायकलचे दहा छर्रे, गारगोटीचा हाताएवढा तुकडा, काळ्या पाषाणाचा तुकडा, दोरा, ताणकाटा, पाण्याने भरलेली बादली, भारताचा व जगाचा प्राकृतिक नकाशा.

१. हिरा म्हणजे काय?

हिरा हा शुद्ध कार्बन होय. कोळसा व पेन्सिलीतील ग्रॅफाइट ज्या मूलद्रव्याचे, त्याच मूलद्रव्याचा हिरा. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिये याने १७७२ मध्ये भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला. कोळसा जाळल्यावर जो वायू निघतो, तोच हिरा जाळल्यावरही निघतो असे त्यास दिसले. पुढे १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा कार्बनाखेरीज दुसरे काही नाही हे निश्चित केले. द्रव्य एकच, पण अणूंची रचना निराळी. तेवढ्यामुळे एक पदार्थ बोटाला काळिमा लावतो, तर दुसरा पोलादावर ओरखडा उमटवितो.

येथे एक गैरसमज शिक्षकाने अवश्य दूर करावा. ऐरणीवर घणाचे घाव सोसणाऱ्या हिऱ्याची उपमा मराठी मनाच्या परिचयाची आहे. काव्यातील सत्त्वपरीक्षेचा दृष्टांत म्हणून ती सुंदरच आहे. परंतु खऱ्या हिऱ्यावर घण मारला तर तो फुटतो. कठीणपणा व चिवटपणा हे दोन निरनिराळे गुण होत. हिऱ्यावर दुसऱ्या कोणत्याही खनिजाचा ओरखडा उठत नाही म्हणून तो सर्वांत कठीण. परंतु त्याच्या स्फटिकात ठराविक पातळ्यांवर तो सहज दुभंगतो. रोमन लेखक प्लिनी यानेही घणाची परीक्षा लिहून ठेवली होती. अशा समजुतीपायी किती खरे हिरे 'खोटे' ठरवून चिरडले गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

काचेवर ओरखडा काढून पाहण्याची परीक्षाही अपुरी आहे, कारण गारगोटीही काचेवर ओरखडा काढते. हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावे. त्याहून चांगली परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. गारगोटीचा तुकडा दोऱ्याने ताणकाट्यास टांगून प्रथम हवेत व नंतर पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. हवेत तो २६५ ग्रॅम भरला, तर पाण्यात १६५ ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे १०० ग्रॅमची घट झाली. २६५ ला १०० ने भागले की २.६५ हे गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व मिळते. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२ आहे. म्हणजे तेवढ्याच वजनाचा हिरा असता, तर घट सुमारे ७५ ग्रॅमच झाली असती. हा आकडा फळ्यावर ठळक लिहून ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्या आधारानेच चालावयाचे आहे.

२. नदी हिरे कसे निवडते?

घरी आई तांदूळ रोळताना मुलांनी पाहिलेली असते. पाण्यात भांडे हलके हलके फिरविले की तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतो आणि जड खडे तळाशी मागे राहतात. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन तीतून सोन्याचे कण वेचणारा झारेकरीही हेच करतो. नदी हीदेखील अशीच रोळणारी आहे. मात्र ती हे काम लक्षावधी वर्षे अखंड करीत असते.

ऊन, पाऊस व वारा यांनी डोंगरातील खडक झिजतो, फुटतो आणि त्याचा चुरा ओढ्यांवाटे नदीत येतो. माती वाहून जाते, बारीक वाळूही पुढे जाते. जेथे पाण्याचा वेग मंदावतो, तेथे जड कण खाली बसतात : वळणाच्या आतील बाजूस, मोठ्या शिळेच्या आडोशास, उपनदीच्या संगमाखाली, आणि पात्रातील खडकांच्या भेगांत व खळग्यांत. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीने काळ्या पाषाणात कोरलेले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. असे खळगे म्हणजे नदीच्या तळची कोठारेच होत; हिऱ्यांच्या प्रदेशात शोधक प्रथम असले खळगे उपसून पाहतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात, तेही याच नियमाचे फळ. त्या वाळूतील इल्मेनाइट हे खनिज जड असल्याने लाटा हलकी वाळू मागे ओढून नेतात व काळी वाळू वेगळी पडते.

प्रयोग : परातीत वाळू घेऊन तीत सायकलचे दहा छर्रे मिसळावेत. परात पाण्यात धरून गोल फिरवावी व वरची वाळू थोडी थोडी सांडू द्यावी. शेवटी किती छर्रे हाती राहिले ते मुलांनी मोजावे. बहुतेक सर्व छर्रे मिळतील. मग शिक्षकाने सांगावे की लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड आहे. हिरा मात्र साडेतीनपटच. म्हणून हिऱ्याची रेव धुणाऱ्याचा हात अधिक सावध असावा लागतो.

नदी एकाच मार्गाने कायम वाहत नाही. ती पात्र बदलते, जमीन उचलली जाते, नदी खोल कापत जाते आणि तिच्या जुन्या रेवेचे थर काठावर उंच जागी कोरडे पडून राहतात. काही ठिकाणी अशी प्राचीन रेव कालांतराने घट्ट होऊन तिचा पिंडाश्म नावाचा खडक बनतो. आंध्र प्रदेशातील कर्नूल भागात बनगानपल्लीच्या परिसरातील हिरे अशाच पिंडाश्मातून काढले जात. म्हणजे एकदा नदीने साठविलेले हिरे खडकात बंद झाले, तो खडक पुन्हा झिजला आणि ते हिरे दुसऱ्या नदीच्या वाट्यास आले. एकाच हिऱ्याने असा दोनदा किंवा तीनदाही प्रवास केलेला असतो. या प्रवासात भेगाळलेले हिरे फुटून जातात आणि निर्दोष तेवढे टिकतात; म्हणून नदीच्या रेवेतील हिरे बहुधा उत्तम प्रतीचे असतात.

३. भारतातील प्राचीन शोध

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, तोपर्यंत जगाला हिरे पुरविणारा देश म्हणजे मुख्यत्वे भारतच होता. बोर्निओ बेटातून थोडे हिरे मिळत, एवढाच अपवाद. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिरा मिळण्याच्या जागा सांगताना खाण, प्रवाह व विखुरलेली स्थाने असा त्रिविध निर्देश आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या या ग्रंथातील वर्गवारी आजच्या भूशास्त्रालाही मानवेल अशी आहे.

गोवळकोंड्याचे नाव हिऱ्यांशी कायमचे जोडले गेले आहे. पण गोवळकोंडा ही खाण नव्हे, बाजारपेठ होती. हिरे येत ते कृष्णा नदीच्या खोऱ्यातून. टॅव्हर्निये हा फ्रेंच रत्नव्यापारी सतराव्या शतकात या खाणींवर स्वतः गेला होता. कोल्लूरच्या खाणीवर सुमारे साठ हजार माणसे राबतात, पुरुष खणतात आणि स्त्रिया व मुले माती वाहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. माती एका बांधलेल्या आवारात टाकून पाण्यात कालवीत, गाळ काढून देत, उरलेली रेव उन्हात वाळवीत आणि धान्य पाखडावे तशी टोपल्यांनी पाखडीत. शेवटी माणसे ओळीने बसून हाताने खडे निवडीत. दुसऱ्या एका खाणीवरील कसबी मजुराची कमाई त्याने वर्षाला अवघे तीन होन अशी नोंदविली आहे. ज्या हातांतून राजमुकुटांची रत्ने गेली, त्या हातांस मिळालेला हा मोबदला होता. मुलांनी हा आकडा कोहिनूरच्या कथेइतकाच लक्षात ठेवावा. कोहिनूर हाही कोल्लूर भागातलाच असे मानतात. कोल्लूरचा तो परिसर आता पुलिचिंताला धरणाच्या जलाशयाखाली गेला आहे.

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अबुल फझलच्या आईन-इ-अकबरीत आला आहे. ती खाण केव्हाच ओस पडली, पण किल्ला अद्याप उभा आहे.

येथे सातारा, सांगली भागातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारील : "कृष्णा तर महाबळेश्वरला उगम पावते. मग ते हिरे आपल्याकडूनच वाहत गेले काय?" प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. नदीच्या रेवेत तिच्या उगमापासूनचे नव्हे, तर वाटेत लागणाऱ्या प्रत्येक खडकाचे कण मिळत जातात. कृष्णेचा वरचा भाग काळ्या पाषाणाचा आहे, त्यात हिरे नाहीत. पुढे तेलुगू प्रदेशात ती अतिप्राचीन खडकांवरून वाहते व तिकडच्या उपनद्यांची रेव तीत येऊन पडते. हिरे त्या प्रदेशाचे आहेत.

४. मूळ घर कोठे?

नदीत हिरा सापडला, पण त्याचे मूळ घर कोणते, याचे उत्तर हजारो वर्षे कोणासच ठाऊक नव्हते. उत्तर मिळाले ते होपटाउनच्या त्या खड्यानंतर.

ते उत्तरही सहजासहजी मिळाले नाही. लंडनच्या एका जवाहिऱ्याने १८६८ मध्ये एक तज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेत पाठविला. त्याने प्रदेश पाहून निर्णय दिला की ही भूमी हिऱ्याची नव्हेच. सापडलेले खडे शहामृगांनी दुरून कोठून तरी पोटात घालून आणले असावेत. पुढच्याच वर्षी एका ग्रीक्वा मेंढपाळास त्याच भागात साडेत्र्याऐंशी कॅरटांचा हिरा मिळाला. पाचशे मेंढ्या, दहा बैल व एक घोडा देऊन तो घेण्यात आला. तज्ज्ञाचे मत आणि प्रत्यक्ष पुरावा यांत विरोध आला, तर पुरावाच प्रमाण मानावा लागतो, हा धडा येथे आपोआप मिळतो.

लोक प्रथम व्हाल नदीच्या काठी रेव धुऊ लागले. मग नदीपासून दूर, कोरड्या माळावरही हिरे सापडू लागले. १८७१ मध्ये एका टेकाडावर उत्खनन सुरू झाले. तेच पुढे किंबर्ली शहर. वरची पिवळी माती काढल्यावर हिरे संपतील असे खणणाऱ्यांस वाटले. कित्येकांनी आपली जागा विकून टाकली. परंतु खालच्या निळसर कठीण खडकातही हिरे होतेच. पिवळी माती म्हणजे त्याच निळ्या खडकाची झीज होती. हा खडक नदीने आणलेला नव्हता. तो जमिनीत उभा, खाली निमुळता होत जाणारा, गाजराच्या आकाराचा होता. तो प्राचीन ज्वालामुखीचा नळ ठरला. किंबर्लीवरून त्या खडकास किंबर्लाइट असे नाव पडले.

पृथ्वीच्या पोटात सुमारे दीडशे ते दोनशे किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली, कार्बनाचा हिरा बनतो. वायूंनी भरलेला शिलारस तेथून अतिशय वेगाने भेगेवाटे वर येतो, वाटेतील खडकांचे तुकडे व हिरे उचलतो आणि भूपृष्ठाजवळ स्फोट पावून नळ तयार करतो. तो सावकाश वर आला असता, तर हिऱ्याचे वाटेतच ग्रॅफाइट झाले असते. हिरे हे या खडकापेक्षा बहुधा कितीतरी जुने असतात. म्हणून ज्वालामुखीचा नळ हा हिऱ्याचा जनक नव्हे, केवळ वाहक होय.

या ठिकाणी काळ्या पाषाणाचा तुकडा वर्गापुढे धरावा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच ज्वालामुखीय खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो बनला. मग त्यात हिरे का नाहीत? कारण हा लाव्हा हिरा ज्या खोलीवर टिकतो, तिच्या वरच्या थरात वितळून निघाला व भेगांतून शांतपणे पसरला. सर्वच ज्वालामुखी हिरे आणीत नाहीत, आणि किंबर्लाइटच्या नळांपैकीही अगदी थोड्यांत काढण्याजोगे हिरे असतात. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे सुंदर चमकदार स्फटिक सापडतात, ते गारगोटीचे व इतर खनिजांचे असतात. मुलाच्या मुठीतील खडा बहुधा त्यांपैकीच एक.

भारतात मध्य प्रदेशातील पन्नाजवळ मझगवाँ येथे असा नळ आहे. त्याचे वय सुमारे एकशे दहा कोटी वर्षे असून त्याचा खडक किंबर्लाइटशी नाते सांगणाऱ्या लॅम्प्रोइट जातीचा मानला जातो. आंध्र प्रदेशातील वज्रकरूर येथेही किंबर्लाइटचे नळ आहेत. गावाच्या नावातच वज्र म्हणजे हिरा आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

५. माग काढण्याची रीत

हिरा इतका विरळ असतो की हिरा शोधत हिंडणे व्यर्थ ठरते. किंबर्लीच्या प्रसिद्ध खाणीतून १९१४ पर्यंत सुमारे सव्वादोन कोटी टन खडक-माती काढली गेली आणि हिरे मिळाले सुमारे २,७०० किलो. म्हणजे एका टनास ग्रॅमचा आठवा भाग! म्हणून भूशास्त्रज्ञ हिऱ्याचा शोध न घेता त्याच्या सोबत्यांचा शोध घेतात. किंबर्लाइटबरोबर रक्तवर्णी पायरोप गार्नेट, हिरवेगार क्रोम-डायॉप्साइड, काळे इल्मेनाइट अशी खनिजे वर येतात. ती हिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात असतात. चोराचा माग काढणारा पागी जसा पावलांवरून जातो, तसा शोधक या कणांवरून नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर वर जातो. कण वाढू लागले व त्यांच्या कडा अधिकाधिक ताज्या, न झिजलेल्या दिसू लागल्या की घर जवळ आले. एका ओढ्याच्या मुखाशी कण आहेत आणि त्याच्या वर नाहीत, तर घर मागे राहिले.

सायबेरियात १९४९ मध्ये विल्युय नदीच्या रेवेत हिरे मिळाले, पण उगम सापडेना. लेनिनग्राडची लारिसा पोपुगायेवा ही भूशास्त्रज्ञ स्त्री एका सहायकासह तैगाच्या अरण्यात लाल गार्नेटचे कण वेचीत ओढ्यांच्या काठाने वर चढत गेली आणि २१ ऑगस्ट १९५४ रोजी तिला सोव्हिएत देशातील पहिला किंबर्लाइट नळ सापडला. 'झार्नित्सा' असे त्याचे नाव ठेवण्यात आले. या कार्याचे पुरे श्रेय मात्र तिला फार उशिरा मिळाले.

आफ्रिकेतील बोट्स्वानाचे उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. तेथील मोट्लौत्से नदीत १९५० च्या दशकात तीन लहान हिरे सापडले, पण त्या नदीच्या खोऱ्यात नळ सापडेना. शोध सोडून द्यावा असे इतरांना वाटले असते. गॅव्हिन लॅमाँट या भूशास्त्रज्ञाने निराळा विचार केला : आज ही नदी जेथे उगम पावते, तेथेच ती पूर्वीही उगम पावत होती कशावरून? भूकवच उचलले गेल्यामुळे तिचा वरचा भाग तोडला गेला असला पाहिजे. त्याने शोध उगमाच्या पलीकडे, पश्चिमेस नेला आणि १९६७ मध्ये ओरापाचा प्रचंड नळ सापडला. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातील अतिशय दरिद्री देशांपैकी एक होता. हिऱ्यांच्या उत्पन्नातून त्याने शाळा, रस्ते व रुग्णालये उभारली. पुढे ज्वानेंगचा नळ तर कालाहारीच्या वाळूखाली दडलेला सापडला. तेथे ओलाव्यासाठी खोल जाणाऱ्या वाळवीने तळचे खनिजकण वर आणलेले असतात, म्हणून शोधक वारुळांची मातीही तपासतात.

रेवेतून हिरा वेगळा काढण्याची एक युक्ती मुलांस आवडेल. हिरा पाण्याने भिजत नाही, पण चरबीस चिकटतो. किंबर्ली येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चरबी फासलेल्या उतरत्या फळ्यांवरून ओली रेव सोडण्याची पद्धत निघाली. इतर खडे घसरून जातात व हिरे अडकतात. खोल दरीत मांसाचे तुकडे फेकावेत, त्यांस हिरे चिकटावेत आणि गरुडांनी ते वर आणावेत, अशी कथा मार्को पोलोने भारताविषयी लिहिली आहे. कथा कल्पित खरी, पण चरबीस हिरा चिकटतो एवढा सत्याचा कण तीत आहे.

६. शोधाची किंमत

पाठ येथे संपवू नये. हिरे शोधणाऱ्या माणसांचाही विचार व्हावा. किंबर्लीत १८८५ पासून आफ्रिकी मजुरांस कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणाच्या आत कोंडून ठेवीत व बाहेर पडताना त्यांची झडती घेत. पन्ना येथे सर्वसामान्य माणूसही सरकारकडून सुमारे आठ मीटर लांब व आठ मीटर रुंद जागा पट्ट्याने घेऊन खणू शकतो. तेथील मजूर हिऱ्याच्या रेवेस 'चाल' म्हणतात. हिरा मिळाल्यास तो सरकारी हिरा कार्यालयात जमा करावयाचा. लिलावानंतर सरकारी हिस्सा वजा जाता रक्कम शोधणाऱ्यास मिळते. वर्तमानपत्रांत ज्याला हिरा मिळाला त्याचेच नाव येते. ज्यांनी वर्षामागून वर्षे चाल धुतली व ज्यांच्या हाती काही आले नाही, त्यांचे येत नाही. वज्रकरूर व कर्नूल भागातही पहिला पाऊस पडला की वरची माती धुऊन निघते आणि शेकडो माणसे कामधंदा सोडून शेतांत खडे वेचू लागतात. पन्नाशेजारच्या छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहाच्या अरण्याखाली हिऱ्यांचा मोठा साठा आढळला आहे. तो काढावयाचा तर दोन लाखांहून अधिक झाडे तोडावी लागतील, म्हणून लोकांनी विरोध केला आहे. भूमीच्या पोटातील धन आणि पाठीवरील धन यांत निवड कशी करावी, हा प्रश्न वरच्या वर्गात चर्चेस ठेवण्याजोगा आहे.

उपसंहार

पुन्हा त्या मुलाकडे वळावे. त्याचा खडा हिरा नसणार, हे शिक्षकास ठाऊक असते. तरीही त्याची थट्टा करू नये व खोटी आशाही लावू नये. खडा कोठे मिळाला? ओढ्याच्या कोणत्या काठास? त्याच्या शेजारी कोणते दगड होते? कडा धारदार होत्या की गोल झिजलेल्या? ओढा कोणत्या डोंगरातून येतो? असे प्रश्न शिक्षकाने विचारावेत आणि मुलासच ताणकाट्यावर खडा तोलावयास लावावा. उत्तर २.६५ आले, तर त्याची निराशा होईल खरी. पण ती क्षणभराची असेल. ते उत्तर त्याने स्वतः काढलेले असेल आणि दुसऱ्या दिवशी तो ओढ्याकडे निराळ्या डोळ्यांनी पाहील.

स्वाध्याय

१. एक दगड हवेत ७० ग्रॅम व पाण्यात ५० ग्रॅम भरतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व काढा. तो हिरा असू शकेल काय?
२. गावच्या ओढ्याचा किंवा नदीचा आराखडा काढून जड कण कोठे साचतील त्या जागा दाखवा व कारणे लिहा.
३. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात हिरे का सापडत नाहीत?
४. नदीच्या रेवेतील हिरे बहुधा उत्तम प्रतीचे का असतात?
५. मोट्लौत्से नदीच्या उगमापलीकडे शोध का न्यावा लागला, ते आकृती काढून स्पष्ट करा.
६. होपटाउनचा मुलगा, कोल्लूरची माती वाहणारी स्त्री व लारिसा पोपुगायेवा यांपैकी एकाची कल्पना करून त्याच्या किंवा तिच्या एका दिवसाचे वर्णन दहा ओळींत लिहा.